कलम दोनचे सबनीस

अनंत सबनीसांची आणि माधुरी हिवराळेची पहिली भेट सुरू झाली तेव्हा माधुरी अठ्ठावीस वर्षांची होती. भेट संपली तेव्हा ती बेचाळीसच्या आसपास असावी, असं ती अजूनही शपथेवर सांगते.

तिचा कामावरचा पहिला दिवस होता. कायद्यांचे मसुदे तयार करणाऱ्या सरकारी विभागात तिची सहायक म्हणून निवड झाली होती. मुख्य इमारतीची डागडुजी चालू असल्यामुळे तो विभाग तात्पुरता घाटकोपरला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर आणून टाकला होता, आणि राज्याचे कायदे त्या काळात गरम गाठियाच्या वासात तयार होत. माधुरी सबनीसांच्या केबिनपाशी गेली आणि तिने रीतसर विचारलं, "आत येऊ का सर?"

सबनीसांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आत म्हणजे?"

केबिनला दार नव्हतं. दाराच्या जागी दोन लोखंडी कपाटांमधली फट होती. सबनीसांचा प्रश्न असा, की आत हे कपाटाच्या पुढच्या कडेपासून सुरू होतं की मागच्या? पुढच्या कडेपासून धरलं, तर मॅडम आत्ताच आत आहेत, सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. मागच्या कडेपासून धरलं, तर कपाटाच्या जाडीएवढी जागा ना आत ना बाहेर अशी उरते. "आणि त्या जागेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पंखा पडला, तर तो कार्यालयात जखमी झाला की रस्त्यावर?"

माधुरी नेमकी त्याच जागेत उभी होती. तिने वर पाहिलं. पंखा होता.

चर्चा पुढे चालू राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे दरम्यान खालचं फरसाणचं दुकान बापाकडून मुलाकडे गेलं, मुलाच्या मुलींची लग्नं झाली, मुख्य इमारतीची डागडुजी पूर्ण होऊन ती इमारत पुन्हा डागडुजीला आली. शेवटी 'आत म्हणजे जिथून बोललेलं ओरडल्याशिवाय ऐकू येतं ती जागा' असं ठरलं आणि माधुरी आत आली. सबनीस हसून म्हणाले, "बसा. बसा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच."

तर असे हे सबनीस. राहणार मुलुंड, निवृत्तीला थोडाच अवधी, अंगाने किरकोळ, आवाजाने भरदार. कुठलाही कायदा घ्या, त्यात कलम एक म्हणजे कायद्याचं नाव. कलम तीनपासून हुकूम सुरू होतात: कोणी काय करायचं, न केल्यास दंड किती. मधलं कलम दोन म्हणजे व्याख्या. 'या अधिनियमात, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर' असं म्हणून अमुक म्हणजे काय, तमुक म्हणजे काय, हे तिथे सांगितलेलं असतं. वकील सोडून ते कोणी वाचत नाही, आणि वकीलही हरायला लागल्यावर वाचतात. सबनीसांनी उभ्या आयुष्यात फक्त कलम दोन लिहिलं. कलम तीन त्यांनी कधी लिहिलं नाही, कारण हुकूम सोडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. घरी चहा हवा असला तरी ते "आज चहाचं काय?" असं आकाशाला विचारीत.

त्यांच्या पत्नी क्षमाताई यांनी हा माणूस अख्खा संसारभर सांभाळला. "भाजी खारट झालीय का हो?" असं त्यांनी नव्या नवरीच्या उत्साहात एकदा विचारलं होतं, आणि "कशाच्या तुलनेत?" असं उत्तर आल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी त्या जवळच्या देवळात जाऊन तासभर बसत. सबनीस कौतुकाने सांगत, "आमची ही फार देवभोळी."

सबनीसांची काम करण्याची एक पद्धत होती, तिच्यावर सगळा विभाग हसत असे. लिहिलेली व्याख्या ते फिरवून आणत. म्हणजे कागद खिशात घालायचा, ज्या वस्तूची व्याख्या केली तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि ती व्याख्या तिला मोठ्याने वाचून दाखवायची. 'झाड' त्यांनी आरे कॉलनीत एका फणसाला वाचून दाखवलं. मग शेजारच्या बांबूला. बांबू व्याख्येत बसेना, म्हणून परत येऊन दोन शब्द वाढवले. 'गोठा' वाचताना समोर म्हैस होती. तिने आक्षेप घेतला नाही. कांदिवलीला 'नाला' वाचता वाचता ते एक पाऊल पुढे गेले आणि नाल्यात उतरले. वर आल्यावर व्याख्येत 'तळ' हा शब्द त्यांनी स्वतःच्या अनुभवाने घातला. त्या दिवशी ते ऑफिसात आले, तेव्हा फरसाणवाल्याने शटर ओढून घेतलं होतं.

"कागदावर सगळं बसतं हो," ते माधुरीला सांगत. "वस्तूसमोर उभं राहिलं की मग व्याख्येचे पाय लटपटतात."

माधुरी पहिल्या महिन्यात हसली. दुसऱ्या महिन्यात ती त्यांच्याबरोबर जायला लागली.

मग तो रेल्वेचा मसुदा आला. पूर्व उपनगरांतून एक नवा जोडमार्ग जायचा होता, आणि त्याच्या बांधकामाला परवानगी देणारा कायदा व्हायचा होता. बांधकाम, रूळ, पूल, लगतची जमीन, बाधित व्यक्ती. सबनीसांना सणासारखं झालं. त्या व्याख्यांमध्ये एक होती 'प्रार्थनास्थळ'. तिला महत्त्व होतं. मार्गात येणाऱ्या घरांना, दुकानांना एक नियम होता. पण 'प्रार्थनास्थळ' पाडावं लागलं, तर त्याच वस्तीत तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा देणं सक्तीचं होतं. व्याख्येत न बसणारी बाकी सगळी सार्वजनिक बांधकामं फक्त हटवली जाणार होती.

टाईप करायला कागद माधुरीकडे आला. 'प्रार्थनास्थळ म्हणजे ज्या वास्तूत देवाची, मग तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो, नियमित पूजा, प्रार्थना किंवा आराधना होते अशी सार्वजनिक वास्तू.'

माधुरीची बोटं थांबली. ती कांजूरमार्गची. रुळांलगतच्या तिच्या वस्तीत एक बुद्धविहार होता. वस्तीतल्या माणसांनी आपापल्या सुट्टीच्या दिवशी विटा रचून तो बांधला होता, आणि तिचे वडील धोंडिराम त्याचे अध्यक्ष होते. सकाळी वंदना, दुपारी पोरांचा अभ्यास, संध्याकाळी बायकांची बैठक. माधुरीने स्वतः तिथेच बसून कायद्याची पुस्तकं पाठ केली होती, कारण घरात टीव्ही आणि वडील एकाच वेळी बोलत. नव्या मार्गाच्या नकाशावर तो विहार नेमका रेघेखाली होता. आणि ज्यात देव असतो अशा वाक्यात तो विहार, कोणी कितीही ढकलला तरी, बसणार नव्हता.

ती नवी होती. नोकरी अजून पक्की नव्हती. आपल्याच विहारासाठी कायद्याच्या मसुद्याला हात लावला, असं उद्या कोणी म्हटलं असतं तर वाट लागली असती. तिने बराच विचार केला आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, ही व्याख्या फिरवून आणली का?"

"आणली की," सबनीस म्हणाले. "मुलुंडला देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, सगळीकडे वाचली. कुठे अडकली नाही. चर्चच्या फादरने तर केक दिला."

"कांजूरला नाही नेली."

"कांजूरला काय आहे?"

"विहार आहे, सर."

सबनीसांनी कागदाकडे पाहिलं. 'कोणत्याही नावाने ओळखला जात असो' या शब्दांचा त्यांना मोठा अभिमान होता. सगळ्या जगाला आपण त्या शब्दांत घेतलं, असं त्यांना वाटत होतं. "बसेल ना पण," ते जरा हळू बोलले. "चला, विचारून येऊ."

रविवारी दोघं कांजूरमार्गला उतरली. स्टेशनपासून वस्तीपर्यंत जो भेटेल तो माधुरीला हाक मारीत होता. तिसऱ्या "काय गं माधे"ला सबनीस थांबले.

"तुमचं घर इथे आहे?"

"विहारासमोर."

"आणि विहाराचे अध्यक्ष कोण?"

"अण्णा. म्हणजे वडील."

सबनीस रस्त्यातच उभे राहिले. "मग तुम्ही बाहेर थांबायचं. एक शब्द बोलायचा नाही. व्याख्येला नातेवाईक असता कामा नयेत."

म्हणून माधुरी आपल्याच विहाराच्या पायरीशी, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहिली, आणि पुढचं सगळं तिने खिडकीतून ऐकलं.

वंदना नुकतीच संपली होती. धोंडिराम हिवराळे म्हणजे भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. गुडघे गेलेले, मान मात्र ताठ. वस्तीत त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला कोणी नव्हता. कंटाळून उठून गेलेले पुष्कळ होते. सबनीसांनी नमस्कार केला, कायदा समजावून सांगितला, कागद काढून वाचला.

"बसतं ना?"

"नाही बसत," अण्णा म्हणाले.

"का?"

"आमच्यात देव नाही."

"मग ही मूर्ती?"

"हे बुद्ध."

"तेच म्हणतोय मी. त्यांना तुम्ही..."

"माणूस मानतो. वाट दाखवून गेलेला माणूस."

सबनीस जरा पुढे सरकले. "हिवराळे, मी तुमच्याच भल्यासाठी विचारतोय. समजा, बाहेरचा कोणी आला आणि त्याने विचारलं, इथला देव कोणता, तर?"

"तर त्याला बसवू, चहा देऊ आणि सांगू, देव नाही."

बाहेर माधुरीने कपाळावर हात मारला. आतून सुगंधामावशींचा आवाज आला. त्या विहारात पोरांचा अभ्यास घेत. "अहो धोंडिरामभाऊ, लिहू द्या की साहेबांना देव. कागदावर लिहिल्यानं तो काय इथं येऊन बसणारे का?"

"आधी कागदावरच येतो तो," अण्णा म्हणाले. "मग निघत नाही."

"आणि विहार गेल्यावर पोरं काय तुमच्या मांडीवर बसवू?"

"मावशे, छप्पन साली माझा बाप बुलढाण्याहून नागपूरला गेला आणि शपथ घेऊन आला. ती मी सरकारी जागेसाठी मोडू?"

 रुळांवरून एक मालगाडी गेली, ती बराच वेळ जातच राहिली. खिडकीची तावदानं थरथरायची थांबल्यावर सबनीस म्हणाले, "बरं. देव काढून टाकू. 'लोकांचं श्रद्धास्थान' म्हणू?"

"श्रद्धा म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

माधुरीने खिडकीतून डोकावून पाहिलं. सबनीसांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते तिने ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर 'म्हणजे?' हा प्रश्न त्यांनी जगाला विचारला. जगाने त्यांना पहिल्यांदाच तो परत विचारला होता. हरवलेला भाऊ जत्रेत भेटावा तसे ते अण्णांकडे बघत होते.

"बरोबर," ते हळूच म्हणाले. "श्रद्धा म्हणजे काय?"

दुपारपर्यंत दोघं बसले. 'पवित्र' आलं आणि गेलं. 'उपासना' तासभर टिकली. सुगंधामावशींनी दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं दुकानात जाऊन प्या." शेवटी सबनीस बाहेर आले, आपल्या चपला शोधता शोधता थबकले आणि त्या ढिगाऱ्याकडे पाहत राहिले.

"सापडलं," ते म्हणाले. "'ज्या वास्तूत शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढण्याची वहिवाट आहे अशी वास्तू.' देव नाही, श्रद्धा नाही. चपला. सगळीकडे लागू."

अण्णांनी विचार केला. "बसतं," ते म्हणाले. वस्तीने सुटकेचा निःश्वास सोडला.

परत जाताना ती व्याख्या सबनीसांनी फिरवायला घेतली, आणि स्टेशन येईपर्यंत तिचं काही उरलं नाही. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्याबाहेर चपलांची रांग होती. कॉम्प्युटर क्लासच्या दारावर 'चप्पल बाहेर काढावी' अशी पाटी होती. मोबाईल दुरुस्तीवाल्याने नुकतीच नवी फरशी बसवली होती, तोही कोणाला चपलेसकट आत घेत नव्हता. वस्तीतली तर सगळीच्या सगळी घरं प्रार्थनास्थळं ठरत होती. मोबाईलवाल्यासमोर उभं राहून सबनीसांनी कागदाची घडी केली. त्यांचा चेहरा इतका पडला, की दुकानदाराने "स्क्रीन गेली का काका?" असं आपुलकीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात उशिरा आले. कपाटांच्या फटीतून, ना आत ना बाहेर अशा जागेत उभे राहून त्यांनी माधुरीला हाक मारली.

"हिवराळे मॅडम, आमची ही देव मानत नाही."

"कोण, सर?"

"क्षमा. काल रात्री जेवताना तिला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, देव नसून रोज जाऊन बसणारी माणसं. यांना कुठल्या वाक्यात बसवू? तर म्हणाली, त्यात काय अवघड आहे, मीही त्यातलीच. कॉलेजात असल्यापासून मानत नाही म्हणे."

"पण त्या रोज देवळात..."

"तेच विचारलं मी. म्हणाली, तिथे गार वाटतं, कोणी प्रश्न विचारत नाही, आणि चार बायकांबरोबर गप्प बसता येतं. मी म्हटलं, इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस. तर म्हणाली, तुम्ही देव या शब्दाचा अर्थ पन्नास वेळा विचारलात. मला कधी विचारलंत?"

सबनीस खुर्चीत बसले. माधुरीने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी पेन उचललं आणि न थांबता लिहून काढलं: 'प्रार्थनास्थळ म्हणजे, जेथे लोक वंदना, प्रार्थना, उपासना किंवा चिंतन यांसाठी स्वेच्छेने एकत्र बसतात अशी सार्वजनिक वास्तू, मग तेथे बसणारे देव मानत असोत वा नसोत.'

पुढच्या रविवारी ती व्याख्या त्यांनी आधी मुलुंडच्या देवळात, क्षमाताईंच्या शेजारी बसून, त्यांच्या कानात वाचली. क्षमाताई म्हणाल्या, "बसते. आता गप्प बसा." मग कांजूरमार्गला विहारात वाचली. माधुरी पुन्हा चपलांपाशी उभी होती. अण्णांनी दोनदा वाचून घेतली.

"वंदना पहिली ठेवलीत, बरं केलंत," ते म्हणाले. "पण स्वेच्छेने म्हणजे? आमचा नातू आईच्या धाकानं येतो."

त्यावर दोघांचा चहा संपून दिवे लागेपर्यंत खल चालला. शब्द काही बदलला नाही, पण सबनीस त्यानंतर दर रविवारी कांजूरला जाऊ लागले. क्षमाताईंना देवळाव्यतिरिक्त आणखी एक शांत दिवस मिळाला, आणि त्यांनी अण्णांसाठी लोणच्याची बरणी पाठवली. बरणीसोबत निरोप होता: खारट असल्यास तुलना न करता कळवावे.

वरच्या साहेबांनी 'वा नसोत'वर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. व्याख्या कशाला इतकी लांबवायची, म्हणाले. कधी आवाज न चढवणारे सबनीस त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ते दोन शब्द काढायचे असतील तर मला आधी काढा." निवृत्तीला दोनच महिने उरले होते, त्यामुळे धमकीत तसा फार दम नव्हता, पण सबनीस कोणाला काही सांगताहेत हे दृश्यच इतकं नवीन होतं, की साहेबांनी प्रश्नचिन्ह खोडलं. कायदा झाला. विहार कलम दोनमध्ये बसला. त्या दिवशी माधुरीने विभागाला खालच्या दुकानातून फाफडा आणला, आणि अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, "वा नसोत आहे ना अजून?"

सबनीस निवृत्त झाले. काम सुरू झालं, वस्तीला नव्या उंच इमारतींत घरं मिळाली, आणि कायद्याप्रमाणे विहाराला त्याच वस्तीत तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा मिळाली. किल्ली घ्यायच्या दिवशी सबनीस क्षमाताईंना घेऊन मुद्दाम मुलुंडहून आले. माधुरी, अण्णा, सुगंधामावशी, सगळी वस्ती खाली जमली होती. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाने बोट वर केलं.

जागा सातव्या मजल्यावर होती.

सबनीसांनी पिशवीतून कायद्याची प्रत काढली आणि उभ्या उभ्या कलम दोन आणि जागा देण्याचं कलम वाचलं. वास्तू होती, क्षेत्रफळ होतं, वस्ती होती, सार्वजनिक होतं. ती जागा कितव्या मजल्यावर असावी, याबद्दल कुठे काही नव्हतं. त्यांनी कधी कोणाला ती व्याख्या जिन्यात वाचून दाखवली नव्हती.

"जागा म्हणजे?" अण्णांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. सवयीनेच विचारलं त्यांनी.

सबनीसांनी प्रत मिटून पिशवीत ठेवली. अण्णा कठड्याला धरून चढायला लागले, सबनीस त्यांच्यामागे. तिसऱ्या मजल्यावर अण्णांचे गुडघे थांबले, तेव्हा दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसले. वरून पोरांच्या धावण्याचा आवाज येत होता. सुगंधामावशींनी त्यांना आधीच अभ्यासाला वर नेलं होतं. माधुरी पाण्याची बाटली घेऊन खालून आली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. 

रविवारची वंदना सध्या तळमजल्यावर, विजेच्या मीटरांपाशी होते. लिफ्ट अजून बसवलेली नाही.